एका दमाचं माप

१

प्रभू पोले भर दुपारी ओसरीतल्या बाजेवर बसून हवेतून हळकुंडं वेचू लागला, तेव्हा शेजारच्यांना आधी वाटलं की गडी चेष्टा करून राहिला. मग तो भिंतीशी बोलायला लागला. वारलेल्या बापाला त्यानं बैल सोडायला सांगितलं. चेहरा लालबुंद झालेला, ओठ सुकलेले, अंगाला हात लावावा तर चटका बसत होता.

त्याची आई लक्ष्मीबाई पायरीवर उभी राहून हाका मारत होती. गावातली जीप आली. प्रभूला चौघांनी उचलून आत घातलं आणि वसमतच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको पंचफुलाबाई माहेरी, हट्ट्याला गेलेली होती. तिला निरोप गेला आणि ती तिथूनच दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी सांगितलं की विषबाधा धोतऱ्याची आहे. वेळेवर आणलं म्हणून जीव वाचला, दोनेक दिवसांत माणूस शुद्धीवर येईल.

संध्याकाळपर्यंत कुरुंदा गावानं गुन्हेगार शोधूनही काढला होता. तो प्रभूच्या उशाशीच पडलेला होता. पितळेची, बोटभर लांबीची, शिट्टीसारखी दिसणारी वस्तू. गावात तिला दम्याची शिट्टीच म्हणत. त्या शिट्टीतून प्रभू रोज औषध ओढायचा, आणि त्या औषधात थोडा धोतरा आहे हे लहान लेकरालाही माहीत होतं.

ती शिट्टी दिली होती साधना इंगोले हिनं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात सरकारी माणूस उभा राहिला, तेव्हा त्याच्या पिशवीत लाख, मेणबत्ती आणि सील होतं.

२

साधना नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकवत होती. ती नोकरी सोडून गावी परत आली, याला कारण हळदीची धूळ. फाल्गुन-चैत्रात कुरुंद्यात हळद शिजते, वाळते आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये पडते. ड्रम फिरला की पिवळा धुरळा उठतो. ड्रमवर काम करणाऱ्यांना दोन-चार हंगामांत धाप लागायला लागते. अशा माणसांना गावात एकच उपाय ठाऊक होता, सटवाजी आबांचा धूर. आबा धोतऱ्याची वाळलेली पानं चिमूटभर निखाऱ्यावर टाकत आणि रोग्याला धूर घ्यायला लावत. छाती मोकळी व्हायची. कधी कधी मात्र माणूस दिवसभर बरळायचा.

साधनाचं म्हणणं एवढंच होतं की औषध खोटं नाही, माप खोटं आहे. चिमूट म्हणजे किती? कुणाची चिमूट? पान कोवळं की जून? हे तिनं एकदा ग्रामसभेत उभं राहून बोलून दाखवलं. ज्या सटवाजी आबांनी तिला लहानपणी बोट धरून अडुळसा आणि रिंगणी ओळखायला शिकवलं होतं, ते त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासे झाले.

वसमतच्या भावसिंग ठाकूरच्या लेथवर तिनं शिट्टी घडवून घेतली. आत एक चकती. चकतीच्या कडेला बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात अडुळशाची भुकटी आणि तोलून घातलेलं नखाएवढंही नसलेलं धोतऱ्याचं सत्त्व. वरून वर्खासारखा पातळ पत्रा दाबून बसवलेला. कडं फिरवलं की एकाच खळग्याचा पत्रा फुटायचा आणि माणूस एका दमात तेवढंच औषध ओढायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवड्यानं जुनी चकती परत द्यायची, नवी न्यायची. सरकारी परवानगीनं तिनं गावातल्या काही दमेकऱ्यांवर हे वर्षभर वापरून पाहायचं ठरवलं होतं. हंगाम अर्धा सरला होता आणि पहिल्यांदाच ड्रमवरची माणसं रात्री आडवी होऊन झोपत होती.

आता त्यातली निम्मी शिट्ट्या परत करून गेली होती.

औषध निरीक्षक धम्मानंद खिल्लारे हिंगोलीहून आले होते. उंच, सडपातळ, पन्नाशीचे. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले आणि मग म्हणाले, "बाई, मी सील करायला आलो. पण सीलच्या कागदावर कारण लिहावं लागतं. ते खरं असलं तर बरं."

साधनानं प्रभूची शिट्टी त्यांच्या हाती दिली. घटनेच्या दिवशी ती नांदेडला गेली होती; संध्याकाळी परत येताच तिनं ती आणून कपाटात ठेवली होती. खिल्लाऱ्यांनी चकती काढून उजेडात धरली. बराच वेळ ते खळगे पाहत राहिले. कालच्या सकाळपर्यंत जेवढे फुटायला हवे होते तेवढेच फुटले होते. उरलेल्यांवरचे पत्रे अभंग होते. कुणी उचकटून परत चिकटवल्याची खूण कुठेच नव्हती.

"हे औषध ओढल्यावर परिणाम किती वेळात होतो?"

"चहा गाळायला लागतो तेवढा वेळ," साधना म्हणाली. "आणि प्रभू ते दिवस उगवताना घेतो, ड्रमवर जायच्या आधी."

"त्याला भ्रम झाला भर दुपारी."

"हो."

खिल्लाऱ्यांनी चकती परत शिट्टीत बसवली. एकाच घाण्यातली भुकटी आणखी कितीजण घेत होते, त्यांतल्या कुणाला काही झालं का, असं त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, असं उत्तर मिळालं.

"मग यातून धोतरा गेला तो रोजच्याएवढाच," ते म्हणाले. "बाकीचा दुसरीकडून आला. कुठून ते कळल्याशिवाय मी लाख पेटवणार नाही. पण मला उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा आहे."

३

भावसिंग ठाकूरला निरोप द्यावाच लागला नाही. तो स्वतःच मोटारसायकलवर आला. त्याच्या कामाला गाव नावं ठेवतंय हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि ते त्याला लागलं होतं.

घटनेच्या सकाळी तो पोल्यांच्या घरी गेला होता, हे त्यानं आपणहूनच सांगितलं. प्रभूच्या शिट्टीचं कडं जड फिरत होतं. त्यानं ओसरीवर बसून, प्रभूच्या समोर, कड्याखालची स्प्रिंग सैल केली. चकतीला बोट लावलं नाही. दम नीट ओढला जातो का ते पाहायला एक रिकामी शिट्टी स्वतः ओढून पाहिली आणि प्रभूलाही ओढायला लावली. नंतर प्रभूनं आपल्या शिट्टीतलं सकाळचं औषध घेतलं आणि दोघं बरोबरच बाहेर पडले.

खिल्लाऱ्यांनी विचारलं की घरात त्या वेळी कोण होतं. प्रभूची आई गोठ्यात बकऱ्यांचं दूध काढत होती, बायको हट्ट्याला जायला निघत होती, एवढं भावसिंगला आठवलं.

"और एक बात," तो जरा थांबून म्हणाला. त्याला ती सांगायची नव्हती हे दिसत होतं. "दुपारी मी परत चाललो होतो. सटवाजी बुवा पोल्यांच्या घराकडं जाऊन राहिले होते. पळत. त्या वयाचा माणूस उन्हात पळताना मी आजपर्यंत पाहिला नाही."

साधनानं मान खाली घातली. गावात हेच बोललं जात होतं, पण तिनं ते कानाआड केलं होतं.

"आरडाओरडा व्हायच्या आधी की नंतर?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

भावसिंग म्हणाला, "आधी."

४

सटवाजी आबांचं घर गावाच्या टोकाला होतं. ते कडुनिंबाखाली बसून पालापाचोळा निवडत होते. खिल्लारे जमिनीवरच त्यांच्या शेजारी बसले.

आबांनी काही लपवलं नाही, पण काही सांगितलंही नाही. धोतऱ्याची वाळली पानं त्यांच्या गाडग्यात होती, ती त्यांनी दाखवली. गाडगं काठोकाठ भरलेलं होतं. प्रभू साधनाकडं जायला लागल्यापासून आपण त्याला धूर दिला नाही, असं ते म्हणाले. पोल्यांच्या घरी काहून गेला होतात, या प्रश्नावर त्यांनी हातातली काडी मोडली.

"साहेब, म्या त्याला काही दिलं न्हाई. नामदेवाची आन घेऊन सांगतो. त्याच्या म्होरं मला इचारू नका."

"गाव तुमचं नाव घेऊन राहिलं आबा."

"घेऊ द्या."

खिल्लारे उठले. तिथून ते साधनाला घेऊन जीपनं वसमतला गेले.

दवाखान्यात प्रभू उशीला टेकून बसला होता. आवाज घोगरा होता, पण भान आलं होतं. ड्रमवर त्या दिवशी फार धुरळा होता, ऊन चढल्यावर धाप लागली म्हणून तो लवकर घरी आला, आईनं पाठ चोळली. त्यापुढचं काहीच त्याला आठवत नव्हतं.

पंचफुलाबाई त्याच्या पायाशी बसली होती. तिच्या बोलण्यात राग होता तो गावावर होता, साधनावर नव्हता. नवऱ्यानं शिट्टी जास्त वेळा ओढली असेल का, असं खिल्लाऱ्यांनी विचारलं तेव्हा ती जवळजवळ हसली.

"हे? बाईनं सांगितलं सकाळ-सांज, मंग मधी प्राण गेला तरी ओढायचे न्हाई. मागं एकदा दुपारी लई धाप लागली होती. म्या म्हनलं, ओढा एक. तर म्हनले, बाईला शब्द दिला हाय. माझ्या सासूला तर बघवत न्हाई. यांना दम लागला की ती बकऱ्या घेऊन रानात निघून जाती."

बाहेर पडताना खिल्लाऱ्यांनी डॉक्टरांना गाठलं. धोतरा आहे हे इतक्या लवकर कसं ओळखलं, असं त्यांनी विचारलं. लक्षणं तर होतीच, असं डॉक्टर म्हणाले, पण वेळ वाचला तो दुसऱ्या कारणानं. जीपमधून रोग्याला उतरवत असतानाच बरोबर आलेल्या म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून सांगितलं होतं की धोतरा आहे आणि तो पोटातून गेलाय, धुरातून नाही. त्यामुळं त्यांनी लगेच पोट साफ केलं.

साधना थबकली. ते पोटातून गेलं, हे देणाऱ्याशिवाय कुणाला कळणार होतं?

"आबांनीच," ती कशीबशी म्हणाली.

"तसं दिसतंय खरं," खिल्लारे म्हणाले. "म्हणूनच मला ते पटत नाही."

५

पोल्यांचं घर दुसऱ्या दिवशी सकाळी शांत होतं. लक्ष्मीबाई ओसरीच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गोधडी घेऊन बसली होती. साठीची, काटक बाई. तिनं साधनाकडं पाहिलं नाही. खिल्लाऱ्यांना मात्र बसायला पोतं दिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यांनी विचारलं ते तिनं सांगितलं. प्रभू धापा टाकत आला, तिनं पाठ चोळली आणि तो बाजेवर पडला. ती बकऱ्या बघायला मागं गेली. परत आली तर तो बडबडत होता. सटवाजी आबा कधी आले ते ध्यानात नाही. हे सगळं तिनं एका सुरात सांगितलं, आणि सांगताना तिची सुई गोधडीवर नुसतीच फिरत होती. सुईत दोरा नव्हता.

"दोरा ओवून देऊ का मावशी?" साधनानं विचारलं.

"न्हाई ओवत मला. ह्या डोळ्यात मोतीबिंदू आला वाटतं," ती म्हणाली. "परवापासून धुरकट दिसून राहिलं."

खिल्लाऱ्यांनी गोधडीकडं पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग शिवून झाला होता. टाके मुंगीच्या रांगेसारखे बारीक आणि सरळ होते, आणि जिथं ते थांबले होते तिथंही तेवढेच सरळ होते. बिघडत बिघडत थांबलेले नव्हते.

त्यांनी बकऱ्या पाहायला मिळतील का, असं विचारलं. ती दोघांना घेऊन परसात आली. उन्हात पाऊल टाकताच तिनं पदर ओढून डाव्या डोळ्यावर धरला. उजवा उघडाच होता.

परसात बकऱ्यांनी हिरवं म्हणून काही ठेवलं नव्हतं. बोरीची खालची फांदीसुद्धा ओरबाडलेली होती. फक्त उकिरड्याच्या कडेला धोतऱ्याची तीन-चार झाडं पांढरी फुलं मिरवत, धक्का न लागलेली उभी होती. बकरी सगळं खाते, धोतऱ्याला तोंड लावत नाही. पण त्यातल्या एका झाडाचे कोवळे शेंडे मोडलेले होते. मोडल्या जागा सुकून तपकिरी पडत होत्या.

खिल्लारे तिथं वाकून उभे राहिले. मग परतताना त्यांनी लक्ष्मीबाईला हळूच म्हटलं, "मावशी, पदर जरा बाजूला करता?"

तिनं केला. साधना शेजारीच होती. तिनं पाहिलं ते तिला लगेच समजलं. रखरखीत उन्हात लक्ष्मीबाईच्या उजव्या डोळ्याची बाहुली तिळाएवढी झाली होती. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र काळीभोर, मोठीच्या मोठी होती.

"सगळ्यांना दुपारी इथं बोलवा," खिल्लारे म्हणाले. "प्रभूलाही आज सोडतायत ना? तोही येऊ द्या."

६

दुपारी ओसरीवर मोजकीच माणसं जमली. प्रभू बाजेवर बसला, पंचफुलाबाई त्याच्या शेजारी. भावसिंग खांबाला टेकून उभा होता. सटवाजी आबा यायला तयार नव्हते, पण साधना स्वतः त्यांच्या दारात गेली तेव्हा ते काठी घेऊन मुकाट्यानं निघाले. ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच ते दोघं एका वाटेनं चालले. लक्ष्मीबाई आतल्या उंबऱ्यात होती.

खिल्लारे फार वेळ बोलले नाहीत. शिट्टीतून काय गेलं ते आधी त्यांनी सांगितलं. खळगे बरोबर तेवढेच फुटले होते, तेच औषध इतरांनी घेतलं त्यांना काही झालं नाही, आणि ते सकाळी घेतलेलं औषध दुपारपर्यंत वाट पाहत बसत नाही. भावसिंगनं चकतीला हात लावला असता तर पत्र्यावर खूण राहिली असती. तेव्हा शिट्टी आणि ती घडवणारा दोघंही यातून सुटले.

"राहिले आबा. त्यांच्याकडं धोतरा आहे, त्यांना राग आहे, ते पळत आले आणि त्यांना ठाऊक होतं की विष पोटातून गेलं. गावानं यावरून एक ठरवलं. मी उलटं ठरवलं. ज्यानं विष दिलं तो डॉक्टरचा हात धरून विषाचं नाव सांगत नाही. त्यांनी ते सांगितलं नसतं तर आज प्रभू या बाजेवर बसला नसता. आणि त्यांच्याकडं असतो तो वाळला पाला. तो धुरासाठी. प्रभूला गेला तो ओला."

 मग परसातल्या धोतऱ्याचे मोडलेले शेंडे त्यांनी सांगितले. बकरीनं मोडले नाहीत, तर हातानं मोडले.

"ओला धोतरा हातानं चुरला आणि तो हात चुकून डोळ्याला लागला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. एकाच डोळ्याची. उन्हाकडं बघवत नाही, जवळचं दिसत नाही, सुई ओवता येत नाही. औषध पोटात किंवा छातीत गेलं तर दोन्ही डोळे सारखे होतात. मोतीबिंदू तर असा एका दिवसात येतच नाही. चार-पाच दिवसांत हे आपोआप उतरतं, काळजीचं काही नाही."

त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं नाही. कुणाचं नावही घेतलं नाही. पाण्याचा तांब्या उचलला आणि सावकाश पाणी प्यायले.

 मग लक्ष्मीबाई उठली. ती बाजेपाशी आली आणि खाली, जमिनीवर बसली.

"म्या दिला," ती म्हणाली.

तिनं सांगितलं ते तुटक होतं, पण सरळ होतं. पोरगं दारात आलं तेव्हा त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, ओढ की रे ते औषध. तो म्हणाला, सांजच्याला. ती आबांकडं पळाली, पाला मागितला. आबा म्हणाले, बाईचं औषध अंगात असताना माझा धूर नको, दोन्ही एकच हाय, तिलाच बोलाव. साधना त्या दिवशी नांदेडला गेलेली. ती आबांकडून घरी परत येईपर्यंत पोराचा जीव घाबरा झालेला. ओला पाला जळायचा नाही हे तिला ठाऊक होतं. धुरानं बरं वाटतं तर रसानंही वाटंल, असं तिनं मनाशी धरलं. गुळाच्या चहात घातला आणि काही न सांगता त्याला पाजला.

"किती घातला ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मूठभर. आईची मूठ."

आबांनी तेव्हा तोंड उघडलं. लक्ष्मीबाई दारातून गेली तशी त्यांना तिचं तोंड आठवत राहिलं. ती गप्प बसणार नाही असं वाटलं, म्हणून ते पळत आले. चुलीजवळचा चुरलेला पाला पाहिला आणि त्यांनी ओळखलं. "एका मायकडं कसं बोट दाखवावं साहेब? त्यापरीस लोकं मला बोलली ते बरं."

"आन बाईला बोलली ते?" पंचफुलाबाईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

आबांनी साधनाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लक्ष्मीबाईनं पदरात तोंड घातलं. ती म्हणाली की दोन दिवस तिनं हाच विचार केला. आपण बोललो नाही तर त्या पोरीचं सगळं बुडतं आणि बोललो तर पोटचा पोरगा आपल्या हातचं पाणी पिणार नाही.

प्रभू इतका वेळ ऐकत होता. तो वाकला आणि आईच्या दंडाला धरून तिला उठवू लागला.

"माय, उठ. भुईवर बसू नको." ती उठेना तेव्हा तोच खाली उतरून तिच्यापाशी बसला. "मला सांगायचं होतं ना. म्या ओढलं असतं दुसऱ्यांदा. तुझ्यासाठी ओढलं असतं."

 साधना म्हणाली, "ओढलं नाहीस यात तुझी चूक नाही. मी तुला दिवसातून दोनदाच ओढायला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा दम लागला तर काय करायचं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही."

खिल्लाऱ्यांनी पिशवीतून लाख आणि मेणबत्ती काढली, पाहिली आणि परत आत ठेवली. पोलिसांचं काय, असं भावसिंगनं हलक्या आवाजात विचारलं. प्रभूला तक्रार द्यायची असली तर तो देईल, असं ते म्हणाले. प्रभूनं मानेनंच नाही म्हटलं.

"माझं खातं औषधाचं," खिल्लारे म्हणाले. "गुळाचा चहा माझ्याकडं येत नाही. शिट्टीबद्दल मी लिहीन ते असं, की तिनं दिला तो डोस बरोबर होता, आणि अडचणीच्या वेळेची सोय तिच्यात नव्हती. ती करून घ्यावी."

७

सोय करायला साधनाला आणि भावसिंगला हंगामाचे उरलेले दिवस लागले. चकतीच्या आत दुसरी, लहान चकती आली. तिच्यात धोतरा अजिबात नव्हता, नुसता अडुळसा आणि कफ सुटायची दोन साधी पानं. ती वाटेल तेव्हा ओढली तरी इजा नव्हती, आणि ती ओढूनही धाप थांबली नाही तर वाट न बघता वसमत गाठायचं, हे तिनं प्रत्येकाकडून पाठ करून घेतलं. बाहेरचं कडं पितळी ठेवलं, आतलं तांब्याचं आणि खाचा पाडलेलं, म्हणजे अंधारातही बोटांना फरक कळावा. तांब्याची कल्पना भावसिंगची.

परत आलेल्या शिट्ट्या एकेक करून पुन्हा नेल्या गेल्या. पहिली न्यायला प्रभूच आला होता.

पुढच्या हंगामाआधी साधनानं आपल्या औषधालयापुढं दमेकऱ्यांना बोलावलं, आणि या वेळी एकट्यांना नाही, घरच्यांसकट. नरसीहून आणि हट्ट्याहूनही काही जण आले होते. सतरंज्या कमी पडल्या. शिट्टी कशी धरायची, कशी ओढायची ते तिनं दाखवलं. नंतर सटवाजी आबा काठी टेकत उठले. हातात त्यांनी धोतऱ्याचं एक बोंड धरलं होतं. अंगात हे जास्त झालं तर माणूस कसा दिसतो, काय बोलतो, ते त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. साधनानं मध्ये दोनदा त्यांना थांबवून सुधारलं आणि त्यांनी एकदा तिला. मागं कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

आबा बसले तेव्हा बायकांच्या बाजूनं लक्ष्मीबाई उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. साधनानं तिला थांबवण्यासाठी अर्धा हात उचलला, पण तिनं पाहिलंच नाही.

"म्या लक्ष्मीबाई पोले," ती म्हणाली. "गेल्या साली माझ्या हातानं माझा पोरगा मरता मरता राहिला. कसा ते ऐका. म्हंजी तुमच्यापैकी कोन्ही करणार न्हाई."

आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. डोळे कोरडे ठेवून, काहीही न गाळता. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या मांडीवरच्या नातवाला जवळ ओढलं. सांगून झाल्यावर लक्ष्मीबाई आपल्या जागेकडं वळली, तर तिथं मागून आलेल्या कुणीतरी बस्तान मांडलेलं होतं. ती उभीच राहिली. तेव्हा पुरुषांच्या बाजूला बसलेल्या प्रभूनं सतरंजीवर बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली, आणि सगळ्यांच्या देखत ती जाऊन पोराला खेटून बसली.